केंद्रक ‘लांबट’ आहे म्हणजे नक्की काय? (विरूप केंद्रकांची मूळ अवस्था मांडताना पडलेले प्रश्न)

निरभ्र

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. विषय आडवाटेचा आहे, पण जुन्या धाग्यांवरून इथे भौतिकशास्त्राची आवड असलेले बरेच जण आहेत असं दिसलं, म्हणून धीर केला.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहे. काम अणुकेंद्रकांच्या मूळ अवस्थेवर, म्हणजे ग्राउंड स्टेटवर, आणि त्यातही विरूप केंद्रकांवर. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ (न्यूट्रॉनसाठी १२६ सुद्धा) अशी ‘जादुई’ असली की कवच पूर्ण भरतं आणि केंद्रक बहुतेक वेळा गोल राहतं. कवच अर्धवट भरलेलं असलं की बाहेरचे कण सगळ्या केंद्रकाला आपापल्या कक्षेच्या आकाराकडे ओढतात, आणि केंद्रक लांबट किंवा चपटं होतं. समेरियमपासून हाफ्नियमपर्यंतचा पट्टा आणि थोरियम-युरेनियमचा पट्टा ही याची ठळक ठिकाणं. ताण किती आहे ते बीटा या आकड्याने सांगतात: गोल असेल तर शून्य, लांबट असेल तर धन, चपटं असेल तर ऋण.

मला तीन गोष्टी हव्या आहेत: बंधनऊर्जा, विद्युतभाराची त्रिज्या आणि क्वाड्रुपोल (चतुर्ध्रुव) मोमेंट, म्हणजे भार गोलापासून किती ताणलेला आहे त्याचं माप. पद्धत हार्ट्री-फॉक-बोगोल्युबोव्ह (प्रत्येक कण बाकी सगळ्यांच्या सरासरी विभवात फिरतो असं मानणारं ‘मीन फील्ड’ गणित), फंक्शनल (ऊर्जेचं सूत्र) स्कर्मचं एसएलवाय-४, अक्षीय सममिती (एका अक्षाभोवती कसंही फिरवलं तरी आकार तोच) गृहीत धरलेली. सुरुवातीला एर्बियम-१६६ घेतलं, कारण त्याच्याबद्दल प्रयोगाची माहिती भरपूर आहे. आणि तिथेच अडकले.

अडचण पहिली. गोल विभवापासून सुरुवात केली तर उत्तरही गोलच येतं. थोडं ताणून सुरुवात केली तर लांबट उत्तर येतं, आणि ते गोलपेक्षा दहा एमईव्हीहून (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) जास्त खाली आहे. चपट्यापासून सुरू केलं तर चपटंच राहतं, ऊर्जा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. तिन्ही वेळा गणकाने ‘अभिसरण झालं’ असंच सांगितलं! लांबट उत्तर सगळ्यांत खाली आहे हे दिसतंय, पण मग बाकीच्या दोन उत्तरांचा अर्थ काय लावायचा?

अडचण दुसरी. प्रयोगातली बंधनऊर्जा १३५१.६ एमईव्ही आहे. माझी काही एमईव्हींनी उणी येते. एकूण आकड्याच्या मानाने हे किरकोळ वाटेल, पण शेजारच्या केंद्रकांमधला फरक काढायला गेलं की तेवढ्यानेच सगळं बिघडतं.

अडचण तिसरी, आणि हिच्यामुळे झोप उडाली आहे. विभागातल्या चर्चासत्रात मी बीटाचा तक्ता दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला: “या केंद्रकाच्या मूळ अवस्थेचा स्पिन, म्हणजे एकूण कोनीय संवेग, शून्य आहे. स्पिन शून्य असलेल्या अवस्थेला दिशा नसते, ती सगळीकडून सारखीच दिसते. मग ते लांबट आहे म्हणता ते कोणत्या दिशेने?” मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात ‘स्वतःची चौकट’ (केंद्रकाबरोबर फिरणारी) आणि ‘प्रयोगशाळेची चौकट’ असे शब्द आहेत, ते पाठ आहेत. पण शब्द पाठ असणं आणि उमगणं यात फार अंतर आहे, हे त्या दिवशी कळलं.

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

---

पाणकणीस

विषय डोक्यावरून जातोय, पण तिसरा प्रश्न जबरदस्त आहे. उत्तराची वाट बघतोय. वाचनखूण साठवली.

---

जुना_गणक

निरभ्र, धाग्याबद्दल आधी आभार. मी बरीच वर्षं हीच गणितं केली आहेत, त्यामुळे पहिल्या अडचणीपुरतं हक्काने लिहितो. तिसरीवर इतर कोणी लिहिलं नाही तर प्रयत्न करेन.

गोल सुरुवातीला गोलच उत्तर येणार, यात गणकाची काही चूक नाही. स्वसुसंगत पद्धतीत कणांच्या कक्षांवरून विभव बनतं आणि विभवावरून पुन्हा कक्षा. विभव तंतोतंत गोल असेल तर कक्षा गोल विभवाच्या, आणि त्यांना समान भरलं की पुढचं विभवही गोल. हे चक्र कितीही फिरवा, ते गोलपणा सोडणार नाही. सममिती मोडायला निमित्त लागतं आणि ते आपण हाताने द्यायचं असतं. म्हणून ‘अभिसरण झालं’ या शब्दांवर कधीच विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की इथे उतार शून्य आहे. तो तळ आहे, माथा आहे की खिंड आहे, हे गणक सांगत नाही.

आता चपट्या उत्तराबद्दल. तुम्ही अक्षीय सममिती गृहीत धरली आहे, म्हणजे लांबट आणि चपटं यांच्यातला रस्ता फक्त गोल आकारावरून जातो. अक्षीय सममितीची अट काढली की दुसरा रस्ता उघडतो. तीन अक्षांची तीन वेगळी मापं असलेल्या आकारांमधून, गॅमा कोन (अक्षीय सममिती किती मोडली ते सांगणारा) ० अंशापासून ६० अंशांपर्यंत फिरवत, गोल न होताच लांबटावरून चपट्यावर जाता येतं. दुर्मीळ मृदा (समेरियम ते हाफ्नियम) पट्ट्यातल्या बऱ्याच केंद्रकांचं ‘चपटं किमान’ या दुसऱ्या रस्त्यावरून पाहिलं तर किमान नसतंच. ती खिंड असते आणि तिथून उतार थेट लांबट तळाकडे जातो. तुमच्या केंद्रकात तसंच आहे का, ते त्रिअक्षीय गणित करून एकदा बघाच.

शिवाय बीटा सुटा सोडू नका, बांधून चालवा. क्वाड्रुपोल मोमेंटवर बंधन घालून ऋण टोकापासून धन टोकापर्यंत एकेक बिंदू काढा आणि ऊर्जेचा आलेख बघा. एका बिंदूचं उत्तर पुढच्या बिंदूची सुरुवात म्हणून दिलं की काम पटकन होतं, पण एक धोका आहे: जुनी कक्षा धरून ठेवली जाते आणि आलेख खोट्या गुळगुळीत वाटेने जातो. मी नेहमी तोच आलेख उजवीकडून डावीकडेही चालवायचो. दोन्ही खेपा जिथे जुळत नाहीत, तिथे अंतर्गत रचना बदलते आहे असं समजा आणि त्या भागात बारीक पावलं टाका.

आणखी एक गोष्ट. तुम्ही हार्मोनिक ऑसिलेटरच्या कक्षांचा आधारसंच (ज्यांच्या बेरजेतून खऱ्या कक्षा बांधतात तो संच) वापरत असाल तर किती कवचं घेतली आहेत? १० किंवा १२ वर थांबला असाल तर बंधनऊर्जेतली थोडी तूट तिथेच असेल. १४, १६, २० असं वाढवत न्या आणि आकडा हलायचा थांबतो का ते बघा. आधारसंचही ताणलेलाच घ्या. लांबट केंद्रक गोल आधारात बसवायला कितीतरी जास्त कवचं लागतात.

---

निरभ्र

@जुना_गणक, मनापासून धन्यवाद. आधारसंच १२ कवचांचा होता आणि गोल होता. आज रात्री १६ ची, ताणलेली खेप लावते. उलट दिशेने चालवून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

---

त्रिज्या

छान धागा. मी प्रयोगाच्या बाजूची आहे, तर थोडी इतिहासाची आणि मोजमापाची भर घालते.

केंद्रक गोल नसावं याचा पहिला सुगावा केंद्रकाच्या प्रयोगातून लागला नाही, तो प्रकाशाच्या रेषांमधून लागला. १९३५ मध्ये श्यूलर आणि श्मिट यांनी युरोपियमच्या वर्णपटातल्या अतिसूक्ष्म रेषा मोजल्या, आणि रेषांमधली अंतरं नुसत्या चुंबकीय परिणामाने समजावता येईनात. केंद्रकाचा भार एका अक्षाभोवती ताणलेला मानला की हिशेब जमत होता.

युरोपियमचेच आजचे आकडे बघा. युरोपियम-१५३ चा स्पिन ५/२ आणि क्वाड्रुपोल मोमेंट साधारण अधिक २.४ बार्न. गोल गाभ्याभोवती एकटा प्रोटॉन डी-५/२ कक्षेत फिरतोय असं मानून गणित केलं तर उत्तर येतं सुमारे उणे ०.१४ बार्न. म्हणजे मापाने सतरा पट कमी आणि चिन्हही उलटं! एका कणाला हे झेपणारं नाही, अख्खा गाभाच ताणलेला असला पाहिजे. १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात टाउन्स यांच्या व्याख्यानात अशीच मोजमापं ऐकून रेनवॉटर यांना ही कल्पना सुचली. त्या काळात ओगे बोर त्यांच्याच खोलीत बसत. पुढे बोर आणि मॉटेलसन यांनी त्यातून पूर्ण सिद्धांत उभा केला आणि १९७५ चं नोबेल तिघांना मिळालं.

युरोपियम-१५१ चा मोमेंट मात्र ०.९ बार्नच आहे. स्पिन तोच, प्रोटॉन तेवढेच, फक्त दोन न्यूट्रॉन कमी: ९० ऐवजी ८८. शेजारच्या समेरियममध्येही याच पायरीवर केंद्रकाची त्रिज्या एकदम उडी घेते. पहिली उत्तेजित अवस्था समेरियम-१५० मध्ये ३३४ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट), समेरियम-१५२ मध्ये १२२ केईव्हीवर. मॉडेल चांगलं की वाईट हे ठरवायचं असेल तर एका केंद्रकावर ठरवू नका. ८८ ते ९० ही पायरी त्याला चढता येते का ते बघा.

---

पाणकणीस

दोन न्यूट्रॉनांनी एवढा फरक? आणि हे ‘बार्न’ काय प्रकरण आहे?

---

त्रिज्या

@पाणकणीस, बार्न हे क्षेत्रफळाचं एकक, १०० चौरस फर्मी (एक फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). युरोपियमच्या केंद्रकाची त्रिज्या साडेसहा फर्मीच्या आत आहे, त्यावरून अंदाज येईल.

आणि हो, दोन न्यूट्रॉन पुरतात. केंद्रक आधीच काठावर असतं. गोल राहण्यातला फायदा आणि ताणून घेण्यातला फायदा जवळजवळ सारखे झालेले असतात, मग थोडक्याने पारडं फिरतं. झिर्कोनियममध्ये तर आणखी झपाट्याने होतं. झिर्कोनियम-९८ ची पहिली अवस्था १२२३ केईव्हीवर, झिर्कोनियम-१०० ची २१३ केईव्हीवर.

---

अर्धआवर्त

तिसऱ्या अडचणीवर लिहितो. माझ्या मते सगळा धागा तिच्यावरच उभा आहे.

हायड्रोजनचा रेणू घ्या. दोन प्रोटॉन, मधे ०.७४ अँगस्ट्रॉम अंतर. रेणूची सगळ्यांत खालची अवस्था घूर्णन शून्य असलेली, म्हणजे बाहेरून तंतोतंत गोल. एखादा प्रोटॉन अमुक दिशेला सापडण्याची शक्यता सगळीकडे सारखी. तरीही हायड्रोजनचा रेणू गोल आहे असं कोणीच म्हणत नाही. का? कारण एक प्रोटॉन इथे सापडला की दुसरा बरोबर विरुद्ध बाजूला, ठरलेल्या अंतरावर सापडतो. रेणूचा आकार एकेका कणाच्या वाटपात दिसत नाही, दोन कणांच्या परस्पर नात्यात दिसतो.

एर्बियम-१६६ चं तेच आहे. मूळ अवस्थेत एकेका कणाची घनता काढली तर ती गोल. पण एक कण एका टोकाला सापडला असेल तर दुसरा त्याच टोकाला किंवा समोरच्या टोकाला सापडण्याची शक्यता कमरेपाशी सापडण्यापेक्षा जास्त. लांबटपणा राहतो तो या नात्यात. चर्चासत्रातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं: कोणत्याच ठरावीक दिशेने नाही, तर सगळ्या दिशांना सारखंच लांबट. दिशा अनिश्चित आहे, लांबटपणा अनिश्चित नाही.

मग मीन फील्ड काय करतं? त्याच्याकडे साधन एकच, एकेका कणाच्या कक्षा. कणाकणांमधलं नातं लिहायला त्याच्याकडे जागा नाही. म्हणून ते एक दिशा निवडतं, तिकडे केंद्रक रोखून ठेवतं आणि ते नातं साध्या ताणलेल्या विभवात आणून बसवतं. सममिती मोडण्याची किंमत देऊन कितीतरी गुंतागुंतीची गोष्ट एका साध्या तरंगफलात मावते. मला ही या विषयातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. पण किंमत दिलेली आहे हे विसरता कामा नये. तुमच्या गणितातून निघालेलं तरंगफल म्हणजे मूळ अवस्था नव्हे. त्यात स्पिन ०, २, ४, ६ अशा सगळ्या अवस्था मिसळलेल्या आहेत.

तुमच्या दुसऱ्या अडचणीचं मूळही इथेच आहे. त्या मिश्रणाची ऊर्जा नुसत्या शून्य स्पिनच्या ऊर्जेपेक्षा वर असणार, कारण त्यात फिरण्याची ऊर्जा शिरलेली आहे. विरूप केंद्रकात ही चोरटी ऊर्जा दोन-तीन एमईव्हीपर्यंत जाते. ती काढायला एकतर अंदाजी दुरुस्ती लावतात (कोनीय संवेगाच्या वर्गाची सरासरी भागिले दोन वेळा जडत्व आघूर्ण), नाहीतर पायर्ल्स आणि योकोझ यांनी १९५७ मध्ये सुचवलेलं प्रक्षेपण करतात: तेच केंद्रक सगळ्या दिशांना वळवून सगळ्यांची बेरीज घ्यायची, म्हणजे नेमका शून्य स्पिनचा भाग उरतो. गणकाला महाग पडतं, पण प्रामाणिक रस्ता तोच.

एक सावधगिरी. फंक्शनलचे आकडे ठरवताना कर्त्यांनी ही दुरुस्ती आधीच गृहीत धरली होती का ते तपासा. धरली असेल आणि तुम्ही पुन्हा लावलीत, तर एकच ऊर्जा दोनदा मोजली जाईल.

---

निरभ्र

रेणूचं उदाहरण वाचून पाच मिनिटं तशीच बसून राहिले. ‘दिशा अनिश्चित आहे, लांबटपणा अनिश्चित नाही’ हे वाक्य वहीत लिहून घेतलं आहे.

एक शंका उरते. दोन कणांचं नातं प्रयोगात दिसतं का? की ते फक्त आपल्या गणितात?

---

त्रिज्या

दिसतं. आणि तुझ्याच एर्बियमवर दाखवता येतं.

पहिली वाट अवस्थांची. एर्बियम-१६६ मध्ये स्पिन २ ची अवस्था ८०.६ केईव्हीवर, ४ ची २६५ वर, ६ ची ५४५ वर. फिरणाऱ्या लांबट वस्तूची ऊर्जा स्पिन गुणिले (स्पिन अधिक एक), या प्रमाणात वाढायला हवी, म्हणजे ६, २०, ४२. पहिल्या अवस्थेवरून हिशेब केला तर स्पिन ४ ची २६९ वर आणि ६ ची ५६४ वर यायला हवी. किती जवळ आहे बघ. थोडी कमी पडते, कारण फिरताना आतली रचना जराशी बदलते आणि जडत्व वाढतं. नुसतं कंप पावणारं गोल केंद्रक असतं तर ४ आणि २ यांचं गुणोत्तर २ च्या आसपास आलं असतं. इथे ते ३.२९ आहे.

दुसरी वाट संक्रमणाची. शून्यावरून २ वर जाण्याची विद्युत चतुर्ध्रुव संक्रमण-संभाव्यता एर्बियम-१६६ साठी ५.८ च्या थोडी वर आहे (इलेक्ट्रॉनभाराचा वर्ग गुणिले बार्नचा वर्ग या एककात). तिच्यावरून स्वतःच्या चौकटीतला क्वाड्रुपोल मोमेंट काढला तर ७.६५ बार्न येतो.

तिसरी वाट शेजाऱ्याची. एर्बियम-१६७ मध्ये एक न्यूट्रॉन जास्त, त्यामुळे मूळ अवस्थेचा स्पिन ७/२ आहे आणि मोमेंट थेट मोजता येतो: ३.५७ बार्न. दिशा पूर्ण स्थिर नसल्याने बाहेरून पूर्ण मोमेंट कधीच दिसत नाही. ७/२ स्पिनसाठी २१ भागिले ४५ एवढाच हिस्सा दिसतो. ३.५७ ला त्याने भागलं की? ७.६५ बार्न!

एक केंद्रक शून्य स्पिनचं, दुसरं नाही. एकात संक्रमणाची तीव्रता मोजली, दुसऱ्यात स्थिर मोमेंट. आणि आकडा तोच निघाला. मी हे पहिल्यांदा स्वतः हाताने केलं तेव्हा ‘केंद्रक लांबट आहे’ या वाक्यावर माझा खरा विश्वास बसला.

---

जुना_गणक

+१. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा कागदावर करावा.

त्यालाच जोडून जडत्वाचा करा. ८०.६ ला ६ ने भागा: १३.४ केईव्ही. आता केंद्रक घट्ट गोळा मानून, त्रिज्या १.२ गुणिले वस्तुमानांकाचं घनमूळ धरून तोच आकडा काढा. ७.२ केईव्हीच्या आसपास येतो. म्हणजे खरं जडत्व घट्ट गोळ्याच्या निम्म्याने आहे. कारण पेअरिंग. न्यूट्रॉन-न्यूट्रॉन आणि प्रोटॉन-प्रोटॉन जोड्यांनी बांधलेले असल्यामुळे केंद्रकाचा बराचसा भाग फिरण्यात सामीलच होत नाही, अतिप्रवाही द्रवासारखा. १९५९ मध्ये बेल्यायेव्ह यांनी हे गणितात दाखवलं. त्यामुळे निरभ्र, तुमच्या गणितातून जडत्वाचा आकडा काढा. दुप्पट आला तर पेअरिंग कमी पडतंय, हे लगेच कळेल.

आणि पेअरिंगची तब्येत लांबट तळाशी स्वतंत्र तपासा. विरूप आकारातही पातळ्यांमध्ये मोकळ्या जागा पडतात. तिथे साधं गणित पेअरिंगला एकदम शून्यावर आणतं. खऱ्या केंद्रकात ते असं नाहीसं होत नाही. लिपकिन-नोगामी दुरुस्ती (कणसंख्येतल्या चढउताराची अंदाजी दुरुस्ती) किंवा कणसंख्येचं प्रक्षेपण हा त्यावरचा उपाय.

---

चौथा_अक्ष

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

त्रिज्या यांनी काढला तो मोमेंट आहे, बीटा नव्हे. मोमेंटवरून बीटावर जाताना आपण गृहीत धरतो की भार एकसारखा पसरलेला आहे, कडा धारदार आहे, त्रिज्या १.२ च्या सूत्राने मिळते, आणि चतुर्ध्रुवापलीकडचे ताण नाहीत. यातलं एकही गृहीतक पूर्ण खरं नाही. एर्बियमसाठी ७.६५ बार्नवरून पहिल्या पायरीचं सूत्र लावलं तर बीटा ०.३४ येतो. तेच सूत्र पुढच्या पदासह लावलं तर ०.३२. केंद्रक तेच, मोजमाप तेच! वर काही तक्त्यांत बीटा प्रोटॉनांचा असतो, काहींत सगळ्या वस्तुमानाचा, आणि मोलर यांच्या वस्तुमान-तक्त्यांत तर मुळात पृष्ठभागाच्या आकाराचे सहगुणक दिलेले असतात. हे सगळे एका स्तंभात शेजारी शेजारी मांडून ‘मॉडेल प्रयोगाशी जुळलं’ असं लिहिलेले कितीतरी शोधनिबंध मी वाचले आहेत. मला ते मनापासून खटकतं.

आणि अक्षीय सममितीबद्दलही. एर्बियम-१६६ हे पुस्तकांत आदर्श अक्षीय केंद्रक म्हणून येतं. ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी मोठ्या कवच-गणितांवरून मांडलं आहे की ते थोडं त्रिअक्षीय आहे, आणि अशी केंद्रकं समजलं जातं त्यापेक्षा बरीच जास्त आहेत. वाद मिटलेला नाही, पण ‘अक्षीय गृहीत धरलं’ हे वाक्य तळटीपेत टाकून पुढे जाता येणार नाही.

---

अर्धआवर्त

@चौथा_अक्ष, राग कसला, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यावरून बीटा हा निव्वळ कल्पनेचा आकडा आहे असं कोणी समजू नये. मॉडेल न धरता आकार काढायची वाटही आहे. कुमार यांनी १९७२ मध्ये दाखवलं की चतुर्ध्रुव संक्रमणांचे मोजलेले घटक विशिष्ट रीतीने गुणून बेरीज केले की दिशेवर अवलंबून नसलेल्या राशी मिळतात. त्यातून ताणाचं सरासरी माप निघतं, गॅमा निघतो, आणि आकार किती डळमळीत आहे तेही. कूलोम उत्तेजनाच्या (विद्युत बलाने केंद्रक उत्तेजित करण्याच्या) प्रयोगांत हे नेहमी करतात. ‘दोन कणांचं नातं’ म्हणतो त्याचंच हे मोजमाप.

अलीकडचा प्रयोग तर वेगळ्याच बाजूने आला. ब्रुकहेवनच्या त्वरकावर युरेनियम-२३८ ची केंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली, आणि निघालेल्या हजारो कणांच्या वाटपावरून स्टार गटाने २०२४ मध्ये युरेनियमचा आकार काढला. टक्कर इतक्या कमी काळात होते की केंद्रकाला तेवढ्यात वळायलाही वेळ मिळत नाही. प्रत्येक टकरीत ते एका कुठल्यातरी दिशेला रोखलेलं सापडतं. कधी टोकाला टोक भिडतं, कधी कुशीला कूस. बीटा आला ०.२९ च्या आसपास, आणि गॅमा लहान असला तरी शून्य नाही. चर्चासत्रातल्या प्रश्नकर्त्यांना हे नक्की सांगा.

---

पाणकणीस

टोकाला टोक, कुशीला कूस... आत्ता कुठे चित्र डोळ्यांसमोर आलं. सगळ्यांचे आभार. एक बाळबोध प्रश्न: चपटी केंद्रकं इतकी कमी का? सगळी उदाहरणं लांबटच दिसतायत.

---

जुना_गणक

@पाणकणीस, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. मूळ अवस्थेत विरूप असलेली बहुतांश केंद्रकं लांबट आहेत, आणि हे असं का यावर २००९ मध्येही हामामोतो आणि मॉटेलसन लिहीत होते. एक धागा असा की विभवाचा तळ सपाट आणि कडा धारदार असली की लांबट बाजूला कक्षांचं विभाजन चपट्या बाजूपेक्षा फायद्याचं पडतं. स्पिन-कक्षा बल आणि पृष्ठभागाची धार या दोघांच्या जोडीवर ते अवलंबून आहे. नुसत्या ऑसिलेटरच्या विभवात एवढा पक्षपात दिसत नाही.

---

त्रिज्या

आणि काही ठिकाणी तर तिन्ही आकार एकमेकांच्या उशाशी असतात. शिसे-१८६ मध्ये गोल, चपटी आणि लांबट अशा तीन शून्य-स्पिन अवस्था ७०० केईव्हीच्या आत सापडल्या, २००० साली. तिथे कोणत्याही मॉडेलची पाचशे केईव्हीची चूक झाली तर मूळ अवस्थाच बदलेल. पाऱ्याचे हलके समस्थानिक तसेच. १९७० च्या दशकात त्यांची त्रिज्या मोजली तेव्हा एकेका न्यूट्रॉनागणिक ती खालीवर उड्या मारताना दिसली.

---

अर्धआवर्त

निरभ्र, मीन फील्डची मर्यादा एका उदाहरणात बघायची असेल तर एर्बियम सोडा आणि मॅग्नेशियम-३२ चं गणित करा. न्यूट्रॉन २०, जादुई आकडा, म्हणजे गोल असायला हवं. बहुतेक फंक्शनलही तेच म्हणतात: किमान बीटा शून्यावर, लांबट बाजूला नुसता खांदा. पण प्रयोगात पहिली अवस्था ८८५ केईव्हीवर, आणि जपानमध्ये १९९५ ला मोजलेली संक्रमणाची तीव्रता ठसठशीत विरूप केंद्रकाची.

आता त्याच आलेखावर शून्य स्पिनचं प्रक्षेपण करा. गोल बिंदूवर प्रक्षेपणाने काहीच मिळत नाही, कारण तो आधीच शून्य स्पिनचा आहे. ताणलेल्या बिंदूंना मात्र काही एमईव्हींची सूट मिळते. खांदा खाली येतो आणि किमान तिकडे सरकतं. गोगनी बल (स्कर्मसारखंच दुसरं एक सूत्र) वापरून माद्रिदच्या गटाने हे २००० च्या सुमारास दाखवलं. एर्बियममध्ये दुरुस्तीने फक्त ऊर्जेचा आकडा बदलतो, आकार तोच राहतो. इथे आकारच बदलतो.

---

निरभ्र

सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन दिवसांत काय केलं ते सांगते.

ताणलेल्या आधारसंचात १६ आणि मग २० कवचं घेतली. तुटीचा काही भाग तिथेच भरून निघाला. फिरण्याच्या ऊर्जेची दुरुस्ती अजून लावलेली नाही. @अर्धआवर्त यांनी सांगितल्याप्रमाणे आधी एसएलवाय-४ ची मूळ मांडणी वाचून, तिथे काय गृहीत धरलंय ते नीट बघणार आहे. उलट दिशेची खेप चालवली. चपट्या बाजूला एका ठिकाणी दोन्ही आलेख खरंच जुळले नाहीत, तिथे आता बारीक पावलं टाकते आहे. त्रिअक्षीय गणितासाठी वेगळा प्रोग्रॅम लागेल, त्याची परवानगी मागितली आहे.

प्रोटॉनांचा मोमेंट साडेसात बार्नच्या आसपास आला. त्रिज्या यांच्या ७.६५ च्या शेजारी तो मांडला तेव्हा फार बरं वाटलं.

@चौथा_अक्ष, तुमचा प्रतिसाद वाचून तक्त्यातला बीटाचा स्तंभ काढून टाकला. आता तिथे क्वाड्रुपोल मोमेंट आहे, बार्नमध्ये, आणि शीर्षकात ‘स्वतःच्या चौकटीतला, फक्त प्रोटॉन, अक्षीय सममिती गृहीत’ असं पूर्ण लिहिलं आहे. शीर्षक दोन ओळींचं झालंय, पण आता तो आकडा कशाचा आहे ते मला सांगता येतं.

---

त्रिज्या

हे वाचून फार आनंद झाला. आता एर्बियम-१६७ करच. गोल केंद्रकात आय-१३/२ कक्षेतल्या न्यूट्रॉनमुळे स्पिन १३/२ आला असता. ताणल्यावर त्या कक्षेच्या सात पातळ्या होतात, १/२ पासून १३/२ पर्यंत. खालच्या तिन्हींत जोड्या भरल्या की पुढची ७/२. मोजलेला स्पिन तोच, समता (पॅरिटी) धन. निल्सन यांच्या १९५५ च्या आकृतीत (ताणानुसार पातळ्या कशा सरकतात ते दाखवणाऱ्या) बोट ठेवून दाखवता येतं.

---

निरभ्र

@त्रिज्या, विषम न्यूट्रॉनसाठी एकेक कक्षा अडवून गणित करावं लागतं, ते काल रात्रीच लावलं. कोणती खाली येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून फर्मी पातळीच्या (भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांच्या सीमेच्या) आसपासच्या सहा कक्षा घेतल्या आहेत. चार झाल्या. ७/२ धन अजून रांगेत आहे.